स्टुटगार्ट म्हणजे नुसते गाड्यांचे कारखानेच का?

चिंचवडी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसताच वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

सप्टेंबरच्या अखेरीस दोन वर्षांसाठी स्टुटगार्टला चाललोय. घर, व्हिसा वगैरे कंपनी बघते आहे, त्यामुळे ते प्रश्न नाहीत. आधी जाऊन आलेल्या सहकाऱ्यांना विचारलं, गाव कसं आहे? तर म्हणाले, "गाव कसलं, चाकण आहे. फक्त स्वच्छ." म्युनिकला मावसभाऊ असतो, तो म्हणतो शनिवार-रविवार इकडेच येत जा, तिथे काय ठेवलंय.

मला हे पटेना. एवढ्या मोठ्या राज्याची राजधानी आहे, त्याआधी तिथे राजाची गादी होती म्हणतात, आणि आपल्या मुंबईशी १९६८ पासून भगिनी-शहर म्हणून नातं आहे, हे तर मला परवाच कळलं. म्हणजे काहीतरी घडलं असणारच ना? प्रेक्षणीय स्थळांची यादी नको, ती कुठेही मिळते. गावाचा स्वभाव काय आणि तो तसा का झाला, हे तिथे राहिलेलं कुणी सांगेल का?

ता.क. मे महिन्यात आई येणार आहे. तिचे गुडघे कुरकुर करतात. तिला झेपेल असं काही असेल तर तेही सांगा.

रिंगरोड

दोन वर्षं काढली तिथे. मर्सिडीजचं संग्रहालय एक दिवस, पोर्शचं अर्धा दिवस, संपलं गाव. रविवारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. वर घरमालक जिने झाडायला लावतो. आईला सरळ स्वित्झर्लंडला ने, तीन तासांत पोचशील.

पायरीवरची

रिंगरोड, जिने झाडायला लागले म्हणून तुम्ही वैतागलात. मी तिथूनच सुरू करणार आहे, जरा धीर धरा.

मी मूळची मिरजेची. २००६ पासून इथे आहे, त्यातली बहुतेक वर्षं दक्षिणेच्या हेस्लाख भागात. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करते, म्हणजे मीठ मीही गाड्यांचंच खाते. तरीसुद्धा चाकण म्हटल्यावर राग आला.

चिंचवडी, तुम्ही नकाशा बाजूला ठेवा आणि एक कढई डोळ्यांसमोर आणा. तळाशी गाव, तीन बाजूंनी डोंगर, आणि ईशान्येला काठ फुटलेला, तिथून पुढे नेकार नदी. गावातली सर्वांत खालची जागा समुद्रसपाटीपासून २०७ मीटरवर आणि सर्वांत वरची ५४९ मीटरवर. इथले लोक या खोलगट भागाला केसल म्हणतात, म्हणजे हंडाच. या गावाच्या सगळ्या खोडी आणि सगळी भांडणं मला या कढईतून आलेली दिसतात.

मुळात इथे गाव वसवायचंच नव्हतं. साधारण ९५०च्या सुमाराला स्वाबियाचा, म्हणजे या मुलखाचा, ड्यूक लिउडोल्फ याने या ओलसर खोऱ्यात घोड्यांची पैदास सुरू केली असं मानतात. तीन बाजूंनी डोंगर असले की घोडे राखायला बरे, असा आपला माझा तर्क. घोड्यांचं कुरण म्हणजे जुन्या बोलीत 'श्टुओटगार्टन', त्याचंच पुढे श्टुटगार्ट झालं. हो, इथे कुणी 'स्टु' म्हणत नाही. शहराच्या चिन्हावर म्हणूनच पिवळ्यावर काळा घोडा आहे. पोर्शच्या बिल्ल्यात मधोमध उधळलेला घोडा बघता ना, तो हाच. वर बारीक अक्षरांत गावाचं नावही लिहिलेलं असतं. तेव्हा गाड्यांचं गाव म्हणायचं तर म्हणा, पण इथे घोडा गाडीच्या नऊशे वर्षं आधी आलाय.

घोड्यांनंतर द्राक्षं. कढईच्या उतारांवर ऊन छान पडतं, म्हणून शतकानुशतकं हे द्राक्षमळ्यांचं गाव. उतारावर दगडी बांध घातले, आणि बांधावरून बांधावर जायला पायऱ्या. मग गाव वाढलं, मळ्यांच्या जागी घरं चढली, पायऱ्या मात्र राहिल्या. आज असे चारशेहून जास्त जिने गावभर आहेत. त्यांना म्हणतात श्टेफेले. स्वाबियन माणूस दिसेल त्या शब्दाला 'ले' लावून त्याचं पिल्लू करतो. घर म्हणजे हाउस, त्याचं झालं हॉयस्ले, आपलं घरकुल. आणि अस्सल स्टुटगार्टकराला चिडवायचं नाव आहे श्टेफेलेसरुत्शर, म्हणजे जिन्यांवरून घसरणारा. मुख्य स्टेशनातून बाहेर पडून मान वर केलीत तर अजूनही द्राक्षांचे वेल दिसतात. एवढ्या मोठ्या औद्योगिक शहरात, रुळांना खेटून! कुणी मळेवाला दारावर झाडू टांगतो. झाडू टांगलेला दिसला की समजायचं, आज या घरात घरची वाइन आणि घरचं जेवण मिळणार. वर्षातून थोडेच महिने अशी परवानगी असते. बैठक कधी ओसरीत, कधी चक्क गोठ्यात.

आता जिने झाडणं. याला केअरवोखऽ म्हणतात. 'वोखऽ' म्हणजे आठवडा आणि 'केरन' म्हणजे झाडणं. आपला 'केर' यात आयता बसलाय, त्यामुळे हा शब्द मला कधी पाठ करावा लागला नाही. पंधराव्या शतकाच्या शेवटी एबरहार्ड नावाच्या दाढीवाल्या काउंटने फर्मान काढलं की ज्याने त्याने आपल्या दारापुढची घाण आपण काढावी, तिथपर्यंत याची मुळं नेतात. त्या वेळी गटारं नाहीत, खोलगट जागा, वरून पाणी येणार ते सगळं तळाला साचणार. रोगराईच्या धाकाने लागलेली सवय पुढे अंगात मुरली ती मुरलीच. आजही पाळी आली की तुमच्या दाराच्या मुठीला एक पाटी येऊन लटकते. लहान पाळी म्हणजे आपल्या मजल्याचा जिना. मोठी पाळी म्हणजे तळघर, अंगण आणि रस्त्याकडेची फरशीसुद्धा.

आमची पहिली पाळी आली तेव्हा मी ती पाटी जाहिरात समजून ड्रॉवरमध्ये टाकली. शनिवारी संध्याकाळी दारावर थाप. खालच्या मजल्यावरच्या आजी, वय पंचाहत्तर, हातात स्वतःची बादली. एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या जिन्यावर बसून वरून खालपर्यंत प्रत्येक पायरी ओल्या फडक्याने पुसली, कोपरे करंगळीने काढले, आणि मी बघत राहिले. संपल्यावर म्हणाल्या, "असं." आणि गेल्या. मला इतकी लाज आजवर कुणी रागावून आणलेली नाही.

त्याच आजींनी मला पुढे वर्षभराने गाव दाखवलं. म्हणजे एकच जागा दाखवली. पश्चिमेला बिर्केनकोप्फ नावाचा डोंगर आहे. युद्धात स्टुटगार्टवर ५३ हवाई हल्ले झाले, साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली, आणि १९४४ च्या उन्हाळ्यानंतर जुन्या गावाचा गाभा उरलाच नाही. इथेही कढईच. धुक्यात झाकलेलं, खोलात लपलेलं हे गाव वरून सापडायला अवघड, म्हणून युद्धाच्या सुरुवातीला लाउफेन गावाजवळच्या शेतांत दिवे लावून खोटं स्टुटगार्ट उभं केलं होतं, अगदी रेल्वे स्टेशनसकट. त्याला सांकेतिक नाव ब्राझील! काही काळ वैमानिक फसले, बॉम्ब बिचाऱ्या लाउफेनवर पडले. मग फसायचे थांबले. उतारांत खणलेल्या बोगद्यांनी मात्र पुष्कळ जीव वाचवले.

युद्धानंतर मलबा कुठे टाकायचा हा प्रश्न आला. कढईत जागा कुठली? तो त्यांनी बिर्केनकोप्फवर वाहिला. १९५३ ते १९५७ या काळात डोंगर जवळजवळ ४० मीटरने उंच झाला, आता ५११ मीटर आहे. लोक त्याला मोन्टे शेर्बेलिनो म्हणतात, इटालियन थाटात 'खापरांचा डोंगर'. वर गेलात की माती नाही, दगडच दगड. नीट बघितलं की कळतं, ही खिडकीची चौकट, हा खांबाचा माथा, हे कमानीवर कोरलेलं पान. शेवाळ चढलंय, फटींतून गवत आलंय, पोरं त्यावर बसून सूर्यास्ताला बिअर पितात. आजी एका दगडापाशी थांबल्या. त्यावर अर्धवट आकडे होते, घर क्रमांकासारखे. मला वाटलं डोळे भरतील. आजी म्हणाल्या, "आमचंही इथेच कुठेतरी आहे. चांगला दगड होता, वाया गेला."

हे वाक्य मी अनेक वर्षं वापरतेय. स्वाबियन स्वभाव कुणी विचारला की हेच सांगते.

कंजूषपणाबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. बॉश कंपनी काढणाऱ्या रॉबर्ट बॉशबद्दल एक गोष्ट सांगतात. कारखान्यात जमिनीवर पडलेली कागदाची टाचणी उचलून त्याने माणसाला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, टाचणी. बॉश म्हणाला, नाही, माझे पैसे. पण याच बॉशने १९०६ मध्ये आठ तासांचा दिवस लागू केला, जेव्हा बाकीचे मालक त्याला वेडा म्हणत होते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात बसतात, हे इथे राहिल्याशिवाय पटत नाही. इथला पैसा दिसत नाही. श्रीमंत लोक अर्ध्या उतारावर राहतात, तळाच्या कोंदट हवेच्या वर आणि माथ्यावरच्या वाऱ्याच्या खाली. त्याला शब्दच आहे, हाल्बहोए, म्हणजे अर्धी उंची. घरं बाहेरून साधी, झाडांत लपलेली. जुन्या प्रॉटेस्टंट भक्तिपंथाचा हा परिणाम म्हणतात. मिळवावं, मिरवू नये.

गाड्यांचंही थोडं ऐका, नाहीतर रिंगरोड रागावतील. गॉटलीब डाइमलर १८८२ मध्ये कान्श्टाटला बंगला घेऊन राहायला आला आणि बागेतल्या काचघरात माइबाख या सहकाऱ्याबरोबर दार लावून काम करू लागला. रात्रंदिवस ठोकाठोकी, पण बाहेर काहीच येईना. माळ्याला वाटलं, खोटी नाणी पाडतात. त्याने पोलिसांना आणलं. सापडलं काय, तर अवजारं आणि इंजिनाचे भाग. १८८६ मध्ये त्याने एक घोडागाडी मागवली, कारण विचारलं तर बायकोच्या वाढदिवसाला, आणि तिच्यात गुपचूप इंजिन बसवलं. ते काचघर कान्श्टाटच्या बागेत अजून आहे, तुमच्या चिंचवडच्या एका वनबीएचकेएवढं. मोठ्या संग्रहालयाआधी ते बघा. आणि कान्श्टाटकरांसमोर ही स्टुटगार्टची गोष्ट म्हणून सांगू नका. कान्श्टाट १९०५ पर्यंत वेगळं गाव होतं, ते अजून विसरलेले नाहीत.

तुम्ही सप्टेंबरअखेर येताय तेव्हा तिथेच मोठी जत्रा भरलेली असेल, कान्श्टाटर फोल्क्सफेस्ट. मावसभाऊ म्हणेल, ही आमच्या ऑक्टोबरफेस्टची नक्कल. त्याला हे सांगा. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला. राखेने आभाळ झाकलं, १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही. व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्ट ज्याची राजधानी होतं त्या राज्यात, पिकं कुजली, माणसं उपाशी मेली, हजारो लोक रशिया-अमेरिकेकडे निघाले. त्याच वर्षी गादीवर आलेला राजा पहिला विल्हेल्म आणि त्याची रशियन राणी कातारिना यांनी दोन वर्षांनी, १८१८ मध्ये, शेतकऱ्यांसाठी कृषी मेळा भरवला, होहेनहाइमला शेतकी शाळा काढली (आज विद्यापीठ आहे) आणि गरिबांसाठी बचत बँक उघडली. जत्रेच्या मधोमध फळं-भाज्या-कणसांनी मढवलेला उंच खांब असतो, तो त्या भुकेची आठवण आहे. खाली बिअर पिणाऱ्यांतल्या शंभरातल्या पाच जणांना तरी हे माहीत असेल का, शंका आहे.

राणी पुढच्याच जानेवारीत वारली, वय तीस. राजाने आपल्या घराण्याचा मूळ किल्ला पाडून त्या टेकडीवर तिची समाधी बांधली. दारावर कोरलंय, प्रेम कधी सरत नाही. बांधकाम सुरू झालं १८२० मध्ये. त्याच वर्षी, महिनाभर आधी, राजाचं पुढचं लग्नही झालं होतं! जागा मात्र अप्रतिम आहे, खाली सगळे द्राक्षमळे.

खूप लिहिलं. शेवटच्या राजाचं सांगायचं राहिलं, जमलं तर उद्या.

रिंगरोड

लाउफेनचं खोटं स्टुटगार्ट माहीत नव्हतं. बाकी मत कायम.

संत्र्याचाभाऊ

पायरीवरची ताई, लिहिलं झकास, पण दुसरी बाजूही आली पाहिजे. मी नागपूरचा, सध्या कार्ल्सरूहेला, वास्तुकला शिकून इथेच चिकटलो. चिंचवडी, तू ज्याला राज्याची राजधानी म्हणतोस नं, ती आमच्या इथल्या लोकांच्या मते आमची चोरलेली राजधानी आहे.

कार्ल्सरूहे बाडेनची राजधानी होती, स्टुटगार्ट व्युर्टेम्बर्गची. युद्धानंतर १९५२ मध्ये तीन तुकडे जोडून बाडेन-व्युर्टेम्बर्ग केलं. त्यासाठी मतदान झालं त्यात जुन्या बाडेनमधली एकूण मतं मोजली तर बहुमत विरोधात होतं, पण मोजणी चार विभागांत केली आणि त्यातल्या तिघांत होकार आला. झालं राज्य. ओरडा इतका टिकला की १९७० मध्ये बाडेनमध्ये पुन्हा मतदान घ्यावं लागलं. तेव्हा ८२ टक्के लोक म्हणाले, आता राहू द्या. अठरा वर्षांत सवय होऊन जाते राजे हो. कार्ल्सरूहेच्या पदरात काय, तर देशाचं घटना न्यायालय. राजधानी गेली, कोर्ट राहिलं. नागपूरच्या माणसाला याच्यात वेगळं समजावून सांगायची गरज पडली नाही. मी पहिल्याच आठवड्यात इथल्या लोकांचा जानी दोस्त झालो. फरक इतकाच की हिवाळी अधिवेशन यांना तेवढंही मिळत नाही.

पण एका गोष्टीसाठी मी स्टुटगार्टला दर वर्षी जातो. वाइसेनहोफ. १९२७ मध्ये मीस फान डेर रोह याच्या देखरेखीखाली १७ वास्तुविशारदांनी एका टेकडीवर नमुन्याची वसाहत बांधली. सपाट छपरं, पांढऱ्या भिंती, लांब आडव्या खिडक्या. ल कॉर्ब्यूझिए, ग्रोपिउस, बहुतेक तरुण पोट्टे. कौलारू उतरत्या छपरांच्या गावात ही सपाट छपरं! लोक चिडले. पुढे नाझींच्या काळात एक पोस्टकार्ड निघालं, याच वसाहतीचा फोटो आणि त्यात चिकटवलेले उंट, सिंह, अरब. म्हणजे, हे काय जर्मन आहे का बे. १९३८ नंतर तर सगळं पाडून तिथे लष्कराचं ठाणं उभं करायचं ठरलं होतं. ते राहून गेलं, पण बॉम्बने काही घरं गेली आणि काही नंतर लोकांनीच पाडली.

ल कॉर्ब्यूझिएची दोन घरं वाचली. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याच्या सात देशांतल्या १७ कामांना एकत्र जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या एकाच नोंदीत ही दोन घरं आहेत आणि आपलं चंडीगढचं कॅपिटॉल संकुलही आहे. त्यातल्या जोडघरात संग्रहालय आहे. आत गेलास की वरच्या मजल्यावरची ती बोळकांडी बघ. रेल्वेच्या डब्यातल्या बोळासारखी मुद्दाम अरुंद केली आहे, मी आडवा होऊन गेलो. दिवसा सरकत्या भिंती उघडायच्या की सगळी एक खोली, रात्री पलंग बाहेर ओढायचे. चाळीतल्या माणसाला शिकवायची गरज नाही, फक्त चाळीत त्याला सिद्धांत म्हणत नाहीत.

बाकी शहरातलं नवं ग्रंथालय चुकवू नको. बाहेरून करडा ठोकळा, आतून पांढरीफटक विहीर. चार भिंतींवर 'ग्रंथालय' चार भाषांत लिहिलंय, जर्मन, इंग्रजी, अरबी आणि कोरियन. वास्तुविशारद कोरियन आहे. स्वाबियनमध्ये लिहिलं नाही, ते बरं.

चिंचवडी

बाप रे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे आभार. आईला केराच्या पाटीचं वाचून दाखवलं. ती म्हणते, गाव चांगलं आहे, तुला वळण लागेल.

दोन गोष्टी विचारू का? एक, शेवटचा राजा राहिला. दुसरं, स्टेशनवरून काहीतरी मोठं आंदोलन झालं होतं ना? सहकारी म्हणतात, स्टेशनबद्दल तिथे कुणाला विचारू नकोस, दोन तास सुटका नाही. आणि शाकाहारी जेवणाचं काय?

पायरीवरची

संत्र्याचाभाऊ, कार्ल्सरूहेबद्दल माझी सहानुभूती आहे. गावाची सपाट जागा बघता ती लागणारच.

राजा. दुसरा विल्हेल्म. बर्लिनच्या कैसरचंही नाव तेच होतं, पण हा बंदोबस्ताशिवाय आपली दोन केसाळ कुत्री घेऊन गावात फिरायला निघायचा. लोक टोपी काढायचे, हा पण काढायचा. त्याच्या वाड्यापाशी त्याचा पुतळा आहे तोही असाच, घोडा नाही, तलवार नाही, दोन कुत्री. नोव्हेंबर १९१८ मध्ये क्रांती झाली, जमाव वाड्यात शिरला, झेंडा बदलला. कुणी त्याला हात लावला नाही, पण मदतीलाही कुणी आलं नाही. तो त्याच संध्याकाळी गाव सोडून गेला आणि परत आला नाही. १९२१ मध्ये गेला तेव्हा सांगून ठेवलेलं होतं, अंत्ययात्रा स्टुटगार्टमधून न्यायची नाही. लुडविग्सबुर्गला पुरायचं तर वाट गावावरून जाते. वळसा घालून नेली. इथल्या माणसाचा रुसवा असा असतो. आरडाओरडा नाही, पण हिशोब चुकत नाही.

स्टेशन. पाऊल बोनाट्झ याने बांधलेलं मुख्य स्टेशन सीएसएमटीसारखं आहे, गाड्या येतात आणि उलट फिरून जातात. कढईत दुसरा इलाज नव्हता. १९९४ मध्ये योजना आली की रूळ जमिनीखाली घालायचे, काटकोनात वळवायचे, डोंगरांतून बोगदे काढायचे, आणि वर मोकळी होणारी जमीन शहराला मिळेल. फेब्रुवारी २०१० मध्ये काम सुरू झालं. त्या वर्षी जे लोक रस्त्यावर आले ते बघायला हवे होते. दाढीवाले विद्यार्थी थोडे. पेन्शनर, डॉक्टर, अर्ध्या उंचीवरच्या बाया मोत्याची कुडी घालून, आणि आमच्या आजी, त्याच बादलीवर पळी वाजवत. ३० सप्टेंबरला राजवाड्याच्या बागेतली जुनी झाडं तोडायला पोलीस आले, पाण्याचे फवारे सोडले, शेकडो जखमी झाले, एका वयस्कर माणसाची दृष्टी गेली. त्या रात्री आमच्या जिन्यात कुणी बोलत नव्हतं. पुढच्या वसंतात ५८ वर्षांनी सरकार बदललं आणि जर्मनीत पहिल्यांदा एका राज्याचा मुख्यमंत्री ग्रीन पक्षाचा झाला, गाड्यांच्या राज्यात!

आणि मग नोव्हेंबर २०११ ला राज्यभर मतदान झालं, त्यात जवळजवळ ५९ टक्के लोकांनी योजना चालू ठेवा म्हणून कौल दिला. आजी म्हणाल्या, "मत झालं, विषय संपला." आणि सोमवारच्या मोर्च्याला जात राहिल्या. २०१९ ला उघडायचं होतं. खर्च साडेचारावरून अकरा अब्ज युरोंच्या वर गेला. अजून उघडलेलं नाही. त्या स्टेशनावर बरीच वर्षं तत्त्वज्ञ हेगेलचं एक वाक्य मोठ्या अक्षरांत लावलेलं होतं (हेगेल इथलाच, १७७०चा जन्म), अर्थ असा की चुकण्याची भीती हीच मुळात चूक. अभियंत्यांनी ते फारच मनावर घेतलं.

याच गावाचं दुसरं एक रूप सांगते. मानफ्रेड रोमेल. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती फील्ड मार्शल रोमेल, त्याचा मुलगा. बापाला हिटलरने विष घ्यायला लावलं तेव्हा हा पंधरा वर्षांचा होता आणि घरातच होता. पुढे १९७४ ते १९९६ इथला महापौर. १९७७ च्या ऑक्टोबरात श्टामहाइमच्या तुरुंगात लाल सेना गटाचे तिघं अतिरेकी मेले. त्यांना पुरायला जागा कोण देणार? देश खवळलेला. रोमेलने शहराच्या स्मशानभूमीत शेजारी शेजारी जागा दिली. म्हणाला, मेल्यावर तरी वैर संपलं पाहिजे. त्याच्या पक्षातलेच लोक तुटून पडले, तो हलला नाही. आणि पुढेही निवडून येत राहिला. मला या गावातलं सगळ्यात जास्त काय आवडतं विचाराल तर हे.

जेवण. मसूर आणि श्पेट्झले मागवा. कणकेसारखं सैल पीठ आपल्या कुरडईच्या सोऱ्यासारख्या यंत्रातून उकळत्या पाण्यात पाडतात, त्यावर आंबटसर मसूर. डोळे मिटून खाल्लंत तर वरणफळांची आठवण येईल. वर सॉसेज ठेवतात ते नको म्हणून सांगा, आणि मसुरात डुकराचे तुकडे टाकलेत का ते आधी विचारा, बहुतेक ठिकाणी टाकतात. माउलटाशनही आता भाजी भरलेले मिळतात. मूळ गंमत उलटी आहे. उपासाच्या दिवसांत पिठाच्या पिशवीत मटण लपवायचं म्हणजे देवाला वरून दिसत नाही! त्यामुळे त्यांचं टोपणनाव 'देवाला गंडवणारे'. श्रावणात अंड्याचं ऑम्लेट बाहेर जाऊन खाणाऱ्यांना हे लगेच कळेल.

आता आई. जिन्यांवर नेऊ नका, पण सगळं बसून बघता येतं. मारीएनप्लाट्झवरून दातेरी रुळांची छोटी ट्राम डेगरलोखला चढते, १८८४ पासून. पुढच्या छोट्या डब्यात सायकली उभ्या असतात, आईला गंमत वाटेल. वरून टीव्ही टॉवर जवळ आहे. १९५६ चा, जगातला काँक्रीटचा पहिला. लिफ्ट आहे. वर गेल्यावर सगळी कढई एका नजरेत दिसेल.

कान्श्टाटला खनिज पाण्याचे हौद आहेत. बुडापेस्टनंतर युरोपात सर्वांत जास्त असं पाणी इथे निघतं. लोखंडाचा वास येतो, अंगावर बुडबुडे बसतात. गुडघ्यांना बरं वाटतं असं सगळ्या म्हाताऱ्या शपथेवर सांगतात. पोहण्याचा पोशाख लागेल, साडीत आत सोडत नाहीत. माझ्या सासूबाईंनी वाद घालून पाहिला आहे.

आणि एक दिवस माझ्याकडे हेस्लाखला या. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर १९२९ ची दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे. दोन डबे, एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. डबे सागवानी, अजून तेच. आत बसलं की आजोळच्या माडीचा वास येतो, खोटं नाही सांगत. बसचंच तिकीट चालतं. वर जंगलातली स्मशानभूमी आहे, बॉश तिथेच आहे. नवऱ्याच्या थडग्याला फुलं घालायला जाणाऱ्या बायकांमुळे गावात या गाडीला विधवांची एक्सप्रेस म्हणतात, आणि जरा तिखट तोंडाचे लोक म्हणतात वारस-एक्सप्रेस, कारण म्हातारीच्या मागोमाग भाचे-पुतणेही चढतात.

आजी गेल्या चार वर्षांपूर्वी. त्याही वर आहेत. मे महिन्यात या, मी तेव्हा त्यांच्या दगडावरचा पाचोळा झाडायला जातेच. शनिवारी.